आमच्या टीव्हीतले रत्नपारखी

रोज सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या बैठकीच्या खोलीत एक परका माणूस येतो. चपला काढत नाही, पाणी मागत नाही, घरात वडीलधारं कुणी आहे का याची चौकशी करत नाही. भिंतीवरच्या माझ्या टीव्हीत येऊन बसतो आणि माझ्या मुलाला विचारतो, "काय शंतनू, झोप झाली का?" शंतनू हसतो आणि झोप कशी झाली ते त्याला सविस्तर सांगतो. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे चहाचा कप घेऊन उभा असतो. मला हा प्रश्न विचारायचा असतो, पण माझ्या आधी तो विचारून मोकळा होतो.

माझं नाव अंबादास. तुळजापुरात आमची उपाध्येपणाची पिढीजात वृत्ती. देवीला येणाऱ्या यजमानांना उतरवून घ्यायचं, त्यांचे संकल्प सांगायचे, त्यांना जेवू घालायचं, हे वडिलांपर्यंत चाललं. मी पंचायत समितीत कारकून झालो. आता निवृत्त आहे आणि जुन्यांपैकी कुणी आलंच तर घरातली पद्धत म्हणून तेवढं करतो. बायको प्रमोदिनी काही वर्षांपूर्वी गेली. घरात मी आणि शंतनू. स्वयंपाकाला उमाबाई येतात, आणि बोलायचं काम घरात बहुतेक त्याच करतात.

टीव्ही मी माझ्यासाठी घेतला होता. चांगला लांबरुंद, अर्धी भिंत खाणारा. क्रिकेट बघायचं आणि बातम्यांतल्या लोकांना बसल्या जागी शिव्या घालायच्या, एवढीच निवृत्तीनंतरची हौस होती. शंतनू पुण्याच्या कंपनीत संगणकाचं काम करतो. त्या आजाराच्या साथीत घरी आला आणि मग घरूनच काम करत राहिला. कंपनीला चालतंय, आपल्याला काय, असं मी धरून चाललो. त्याच्या लॅपटॉपचा पडदा एवढासा. दिवसभर मान घालून बसायचा आणि संध्याकाळी मान चोळायचा. ते बघवेना म्हणून मीच त्याला म्हणालो की तो टीव्ही जोडता येतो का बघ. त्यानं केबल आणली, जोडली, टीव्हीच्या डोक्यावर सुपारीएवढा कॅमेरा बसवला आणि टीव्हीचा संगणक झाला. तर हे दुखणं मी माझ्या हातानं ओढवून घेतलेलं आहे.

दिवसा तो संगणक, संध्याकाळी टीव्ही, असं आमचं ठरलं. रिमोटवरचं एक बटण दाबलं की त्या पडद्याचा मालक बदलतो. माझी त्याला हरकत नव्हती. हरकत आली ती रत्नपारखींमुळे.

रत्नपारखी म्हणजे शंतनूचे साहेब. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असतील. लॅपटॉपवर होते तेव्हा बिचारे पोस्टाच्या तिकिटाएवढे असायचे, त्यांचा मला त्रास नव्हता. टीव्हीवर आले आणि त्यांचं डोकं परातीएवढं झालं. पांढरे केस, बारीक कडांचा चष्मा, आवाज असा मऊ की डॉक्टरनं नाडी बघताना बोलावं. काम तर ते बोलायचेच, पण कामाच्या आधी आणि नंतर जे बोलायचे ते माझ्या जिवाला लागायचं. शंतनूनं दाढ काढली हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणजे शंतनू त्यांना सांगत होता आणि मी पडद्यामागे उभा होतो. मला वाटलं होतं, पोराला रात्रीची माझ्या हातची खिचडी आवडायला लागली. रविवारी मित्रांबरोबर नळदुर्गला गेला, तेव्हा मला "जाऊन येतो" एवढंच म्हणाला होता. सोमवारी साहेबांना मात्र किल्ल्यातून पाणी कसं कोसळत होतं, वाटेत ढाब्यावर काय खाल्लं, कुणाची गाडी बंद पडली, सगळं रंगवून सांगितलं. त्याला इतकं छान सांगता येतं हे मला माहीत नव्हतं.

एकदा तर कमाल झाली. प्रमोदिनीचा वाढदिवस होता. मला तो सकाळी उठल्यापासून आठवत होता, पण बोलून पोराला कशाला रडवा, म्हणून मी गप्प होतो. तो आंघोळ करून आला, चहा प्यायला, तोही गप्प. आणि दहा वाजता टीव्हीतल्या त्या परातीला म्हणाला, "सर, आज आईचा वाढदिवस असतो. लक्ष लागत नाहीये." साहेब म्हणाले की आज लवकर बंद कर, आईला काय आवडायचं ते कर. त्या दिवशी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोललो. बायको माझी, आई त्याची, आणि तिच्याबद्दल बोलायला पोराला पुण्याचा माणूस लागला. माझं अंग जळत होतं. मी सरळ सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मॅच होती. भर मीटिंगमध्ये मी आत गेलो आणि स्कोअर बघायचाय म्हणून रिमोटचं बटण दाबलं. साहेबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि त्यांच्या जागी एक गोलंदाज धावत आला. मला फार बरं वाटलं. शंतनूनं शांतपणे बटण दाबून साहेबांना परत आणलं आणि त्यांची माफी मागितली.

त्यातच आणखी एक. मीटिंगच्या वेळी शंतनू आपल्या पाठीमागे पुस्तकांच्या कपाटाचं खोटं चित्र लावायचा. मी विचारलं तर म्हणाला की मागचं सगळं दिसतं म्हणून. मागचं सगळं म्हणजे काय? आमची भिंत, देवीची तसबीर, त्याच्या आजोबांचा फोटो आणि स्वयंपाकघराचा पडदा. त्या साहेबांना दाखवायला पोराला आपल्या घराची लाज वाटते, असं मी मनाशी पक्कं केलं आणि आठवडाभर फुगून बसलो. मी फुगलोय हे त्याच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

उमाबाईंच्या मात्र लक्षात येत होतं. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अण्णा, चहा निवला की. रोज त्या टीव्हीकडं सवतीवानी बघत हुबं ऱ्हाता. तुमाला त्या सायबाचा लई राग हाय व्हय?" मी त्यांना पोळ्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. मग दिवसभर सवत हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

एका संध्याकाळी शंतनू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रत्नपारखी सर रविवारी बायकोला घेऊन दर्शनाला येणार होते. देवी त्यांची कुलस्वामिनी. त्यांचे इथले उपाध्ये वारले होते आणि त्यांच्या मुलांपैकी कुणी हे पाहत नव्हतं. शंतनूनं त्यांना परस्पर सांगून टाकलं होतं की आमचे अण्णा सगळं करतील. आता देवीच्या दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. मी म्हणालो, येऊ देत की. आणि उमाबाईंना पुरणपोळीचं सांगून टाकलं.

रविवारी सकाळी गाडी आली. दार उघडलं आणि पहिल्याच क्षणी माझं काळीज हलकं झालं. परातीएवढ्या डोक्याचा तो माणूस माझ्या खांद्यालाही लागत नव्हता. अंगानं बारीक, थोडा पोक आलेला, प्रवासानं शर्ट चुरगळलेला. टीव्हीनं किती फुगवून दाखवलं होतं. मी जरा छाती पुढे काढून या या म्हणालो, तर त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. "गुरुजी, फार दिवसांची इच्छा होती तुम्हाला भेटायची." आता यावर काय करायचं? हेवा करायलासुद्धा समोरच्यानं थोडी जागा ठेवावी लागते.

आत आल्यावर त्यांची नजर सगळ्यात आधी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे गेली आणि ते हसले. "हाच का तो पडदा," असं शंतनूला म्हणाले. मला काही समजेना. मग त्यांच्या बायकोनं मला समजावून सांगितलं, तीही हसू दाबत. ते पुस्तकांचं चित्र असतं ना, ते भिंत झाकतं, पण माणसाला झाकत नाही. माणूस दिसला की संगणक त्याला चित्राच्या पुढे आणतो. त्यामुळे रोज सकाळी पुण्यातल्या त्या सगळ्या मंडळींना पुस्तकांच्या कपाटातून बाहेर आलेला माझा अर्धा चेहरा आणि चहाचा कप दिसत होता. पहिल्यांदा एक मुलगी दचकली होती म्हणे. आता एखाद्या दिवशी मी दिसलो नाही तर तीच शंतनूला विचारते की काका बरे आहेत ना.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मला लांबचं धड दिसत नाही, टीव्हीच्या कोपऱ्यातली ती छोटी चौकट मी कधी निरखून पाहिली नव्हती. पण शंतनू तर रोज तिच्यासमोर बसत होता. त्यानं मला रोज पाहिलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो साहेबांच्या बॅगा उचलून आतल्या खोलीत निघाला होता.

संकल्पाची तयारी केली तेव्हा मी सावरलो. टीव्ही बंद करायला लावला, त्याच्यासमोरच पाट मांडले, ताम्हण आणि पळी-पंचपात्र घेतलं, सोवळं नेसून बसलो. इथं साहेब मी होतो. मी सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं. त्यांचं गोत्र विचारलं, त्यांनी सांगितलं. बायकोचं नाव, मुलाचं, सुनेचं, नातीचं. मुलगा परदेशात, दोन वर्षांत आला नव्हता. ज्यांच्यासाठी देवीकडे मागायचं त्यांची नावं घेऊन झाली. त्यांच्या ओंजळीत मी पळीनं पाणी घातलं. आता ते सोडायचं, तेवढ्यात ते म्हणाले, "आणि शंतनू."

माझा हात पळीवरच थांबला. "कोण शंतनू?"

"आपला," ते म्हणाले.

तो शब्द माझ्या कानात तापलेल्या तेलासारखा शिरला. इष्टमित्रांसाठी मागायला कुणाची आडकाठी नसते, हे मला चांगलं माहीत आहे. शेकडो वेळा मी यजमानांच्या मित्रांची, शेजाऱ्यांची, नोकरांची नावं घेतली आहेत. तरी मी गोत्र पुढे केलं.

"संकल्प ज्याच्या त्याच्या गोत्राचा असतो, साहेब. तुमचं गोत्र वेगळं, आमचं वेगळं. त्याच्यासाठी मागायला त्याचा बाप आहे."

दारात उभा असलेला शंतनू हलक्या आवाजात "अण्णा" म्हणाला. रत्नपारखींच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओंजळीतून पाणी थेंब थेंब ताम्हणात पडत होतं, आणि ते ओंजळ तशीच धरून बसले होते.

"चुकलं माझं, गुरुजी," ते म्हणाले. "पण का म्हटलं ते सांगतो. मी आता निवृत्त होतोय. माझ्या जागेवर ये म्हणून मी त्याला मागच्याच वर्षी म्हणालो होतो. पुण्यात राहावं लागलं असतं. त्यानं नाही म्हटलं. घरी वडील एकटे आहेत, म्हणाला. बाकी सगळ्यांना आम्ही ऑफिसात परत बोलावलं, त्याला एकट्याला घरून करू दिलं, ते त्यासाठीच. आता जागा खरंच रिकामी होतेय, म्हणून पुन्हा विचारलंय. उद्या सांगतो म्हणालाय. काय सांगणार ते मला ठाऊक आहे. एवढं सोडून देतोय पोरगा, तर त्याच्यासाठी देवीजवळ काही मागावं असं वाटलं."

मी शंतनूकडे पाहिलं नाही. पाहू शकलो नाही. शेवटी मी त्यांच्या ओंजळीत पुन्हा पाणी घातलं आणि शंतनूचं नाव घेतलं. पण आमच्या गोत्रासकट घेतलं, आणि पुढे माझं नाव जोडून. शंतनू अंबादास. रत्नपारखींनी ते जसंच्या तसं माझ्यामागून म्हटलं आणि पाणी सोडलं.

ते सगळे देवळात गेले. मी घरी थांबलो. उमाबाईंनी पुरण वाटून ठेवलं होतं. मला बघून त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि गप्प राहिल्या, हे उमाबाईंच्या बाबतीत फार झालं. मी पाटावर बसून विचार करत होतो. मुलगा आपल्यासाठी राहिला, हे ऐकून बापाला आनंद व्हायला हवा. झाला, नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या डोक्यावर दुसरीच गोष्ट बसली होती. हे त्या साहेबांना माहीत होतं आणि मला नाही. वर्षभर तो माणूस रोज सकाळी माझ्या टीव्हीत येत होता, पुस्तकांतून डोकावणारा माझा चेहरा बघत होता आणि मनात म्हणत असेल, हा तो, याच्यासाठी पोरगा थांबलाय. माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्याकडे होती. मी दाढेचा आणि नळदुर्गचा हेवा करत बसलो होतो.

जेवायला वाढताना मी आग्रहाची कसर ठेवली नाही. आमच्याकडे यजमान जेवून उठेपर्यंत घरचा माणूस बसत नाही, वाढत राहतो. दोन पोळ्यांतच रत्नपारखींचा जीव दमला होता. मी तिसरी वाढली, वर तूप ओतलं, आणि देवीच्या गावात नाही म्हणू नये असं सांगून चौथी. ते निमूटपणे जेवले. त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा मी थांबलो. निघताना त्यांनी पुन्हा माझ्या पायाला हात लावला आणि शंतनूच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला अजूनही बघवत नव्हता.

गाडी गेली. ऊन उतरलं तसं शंतनू बैठकीत येऊन बसला. रोज या वेळेला तो रिमोट माझ्या हातात देतो. आज दिला नाही आणि मी मागितला नाही. काळ्या पडद्यासमोर आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसलो होतो, आणि दोघंही त्याच्याकडेच बघत होतो, जणू तो चालूच आहे.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असतात. माझं काय, माझं मी बघतो, असं म्हणाला असतात. मग मला जावं लागलं असतं."

खरं होतं. शब्दन् शब्द मी तसंच बोललो असतो. आवाज चढवून बोललो असतो, आणि त्याची बॅगसुद्धा मीच भरून दिली असती.

"आणि त्यांना सगळं सांगायला बरं वाटतं ते?"

हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. त्याला राग येईल असं वाटलं. तो आला नाही.

"ते विचारतात, अण्णा," तो म्हणाला. "आणि उत्तर ऐकून घ्यायला थांबतात. तुम्ही पडद्यामागे थांबता."

बाहेर कुणीतरी देवीचा उदो करत गल्लीतून गेलं.

"सरांनी मला एकच गोष्ट विचारली होती, तिचं उत्तर मला देता आलं नाही," शंतनू म्हणाला. "ते म्हणाले, तू वडिलांसाठी थांबतोयस हे ठीक. पण वडिलांना तू तिथं हवा आहेस का? मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. तुम्ही मीटिंगमध्ये येऊन टीव्ही बदलता. आठवडा आठवडा बोलत नाही. मला वाटायचं, तुम्हाला तुमची खोली परत हवी आहे."

माझी खोली. मी त्या टीव्हीकडे रोज दात-ओठ खाऊन का बघत होतो, याचा त्यानं हा अर्थ लावला होता. आणि दुसरा कुठला लावणार? मी त्याला दुसरा कधी दिलाच नव्हता. मला एकदम त्या परक्या माणसाचा राग आला. हा प्रश्न त्यानं माझ्या पोराला विचारला. तो मला विचारायचं पोराला सुचलं नाही, आणि सांगायचं मला सुचलं नाही.

"उद्या त्यांना सांग," मी म्हणालो, "की वडिलांना विचारलं, आणि वडील म्हणाले..."

आणि माझं मलाच कळलं की मी परत त्यांच्यामार्फत बोलतोय. माझ्या घरात, माझ्या मुलाशी, मधे रत्नपारखींना बसवून. मी खुर्ची वळवली. टीव्हीकडे पाठ केली आणि त्याच्यासमोर बसलो.

"त्यांचं राहू दे. तुलाच सांगतो. जाऊ नकोस. मला तू इथं हवा आहेस."

शंतनूनं मान खाली घातली. मी उठून आत गेलो नाही, घसा खाकरला नाही, मॅचचं काय झालं म्हणून विचारलं नाही. तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायला तिथंच बसून राहिलो.